बॅट घेऊन धावलेला निखिल

अगं, परवा दुकानात कोथिंबीर निवडत होते, तर मागून ऐकू आलं, ‘तो निखिल बेसबॉलच्या मैदानावर बॅट घेऊन एका गोऱ्याच्या अंगावर धावला आणि...’ पुढचं ऐकायच्या आत त्या दोघी बायका बाहेर पडल्या. निखिल म्हणजे इथे मँचेस्टरला आमच्या शेजारी राहतो, आयटीत आहे तो. मी तडक त्याच्या बायकोकडे गेले.

‘रोहिणी, निखिलनं मारामारी केली म्हणे?’

ती पांढरीफटक पडली. ‘काकू, अहो, आता व्हिसाचं काय होणार?’

दोघी धावतपळत शहराबाहेर तो खेळायला जातो त्या छोट्याशा स्टेडियमवर पोचलो. बघतो तर निखिल त्याच गोऱ्याबरोबर चिप्स खात बसलेला!

‘काकू, पहिलाच बॉल बॅटवर सणसणीत बसला, म्हणून पळालो.’

‘बॅट घेऊन?’

‘मग? क्रिकेटची सवय! इथे बॅट टाकून पळायचं असतं हे आठवतंय कुणाला? पळत जिथे पोचायचं, त्या समोरच्या बेसवर हा उभा होता. मला बघून तो कुंपणापर्यंत पळाला.’

‘आणि तू?’

‘मी बेसवर बॅट टेकवून उभा राहिलो.’

तर बाई, बॅट खरी, धावणंही खरं, मारामारी तेवढी खोटी. रोहिणीनं भीतभीत विचारलं, ‘टीममधून काढलं असेल ना तुला?’

‘छे! पुढच्या रविवारी मलाच पहिला बॅटिंगला पाठवणार आहेत.’