बाथरूमची कडी

"दार नुसतं लोटून कोणी अंघोळ करतं का? घर आहे की धर्मशाळा?"

दुखरा गुडघा घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे बसलेल्या बाईंचा हात मासिकाच्या पानावरच थांबला. शेजारच्या बाकावर, हाताला प्लास्टर घातलेले आजोबा सुनेवर कुरकुरत होते.

"बाबा, हळू बोला. कडी काढली ती तुमच्याचसाठी."

"भिंतीला दांडी बसवलीस, धरली. चटई टाकलीस, तीही चालवून घेतली. स्टुलावर बसून अंघोळ करतो, लहान पोरासारखा. कडीनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"त्या दिवशी तुम्ही आत पडलात, तेव्हा यांना ऑफिसातून बोलावून दार फोडावं लागलं, बाबा."

"दार पक्कं होतं. मीच करून घेतलं होतं."

"बाहेरूनही उघडते अशी कडी मिळते. ती लावू या."

"मग तिला कडी कशाला म्हणायचं? त्यापेक्षा मी आत गातो, तेच बरं."

"म्हणून गाता होय! शेजारी विचारत होते, आजोबांना काय होतंय म्हणून."

बाईंनी हसू मासिकात दडवलं.

"पण पडलात तेव्हा मी भिंतीपलीकडेच इस्त्री करत होते. एक हाक का नाही मारलीत?"

हाच प्रश्न बाईंच्या जिभेवर कधीचा आला होता.

"तुझं काम चाललं होतं."

"काम गेलं खड्ड्यात! हे येईपर्यंत गार फरशीवर मुकाट पडून राहिलात. का?"

आजोबांचा नंबर पुकारला गेला, तरी दोघंही उठली नाहीत.

"अगं, अंगावर कपडा नव्हता. हाक मारली असती, तर तूच दार फोडून आत आली असतीस."