दिल्लीच्या गल्लीतला मांडा

लाल किल्ला कसा होता, ते मला विचारूच नका बायांनो. माझा सगळा जीव चिऊत अडकलेला होता. तीन वर्षांची पोर, धुळ्याहून निघाल्यापासून बिस्किटांशिवाय काही खाईना. जुन्या दिल्लीत फिरताना आमचे हे म्हणाले, "भूक लागली की खाईल." मी म्हटलं, "आणि ताप आला की?"

तेवढ्यात सासूबाई एका दुकानापुढे थांबल्या. तिथे एक माणूस हातावर मोठी रोटी नाचवून पालथ्या कढईवर टाकत होता. सासूबाई ओरडल्या, "अवं, हाऊ ते आपला मांडा शे!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याही पुरणाचा मांडा असाच हातावर वाढवून पालथ्या खापरावर टाकतात ना!

रोटीच्या आत पुरण दिसेना, तशा त्याला म्हणाल्या, "भाऊ, मझार पुरण कोठे शे?"

तो हसला. "अम्मा, आप ही बनाके दिखाओ."

झालं! बांगड्या मागे सारून त्या उभ्या राहिल्या. पहिली रोटी फाटली. "तुन्हं पीठ घट शे," असं त्यालाच सुनावलं. दुसरी मात्र पार कोपरापर्यंत पसरली. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. चिऊ टाळ्या पिटत म्हणाली, "आजीचा मांडा मला!" आणि कोरडीच रोटी मिटक्या मारत खाल्ली. मला तर रडूच आलं.

आजही आखाजीला खापर चुलीवर चढलं की ती गल्ली आठवते. निघताना त्या माणसाने हात जोडून विचारलं होतं, "अम्मा, कल कितने बजे आओगी?"

सासूबाई म्हणाल्या, "पहिले पुरण शिजाडी ठेव, मंग येसू!"