कुंतीच्या कुंपणातली खिडकी

कुंभकोणम्, सोमवार, ता. १८ ऑक्टोबर १९५४, सकाळी साडेनऊ.

नाव मीनाक्षीबाई, नरसिंहराव यांची पत्नी, हल्ली विधवा. वय वर्षे छप्पन्न. धंदा घरकाम. राहणार विठोबाच्या मठामागे, कालव्याकाठची गल्ली, शेवटून दुसरं घर.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, हा माझा दुसरा जबाब आहे. पहिला गुरुवारी दिला होता, तो रागात दिला होता. ठाण्याचे रायटर शामसुंदरराव आमच्यासारखेच इकडचे पिढीजात मराठी, म्हणून आजचा जबाब घरच्या मराठीत लिहून घेत आहेत. तमिळमध्ये मला भांडता चांगलं येतं, चूक कबूल करता येत नाही.

गल्लीतलं शेवटचं घर स्वामीनाथ यांचं. नाचियार्कोविल् इथे त्यांचा पितळी समया ओतण्याचा कारखाना आहे. रोज सकाळी सात वाजता ते बससाठी निघतात. त्यांची वाट आणि माझं अंगण यांच्यामध्ये कुंतीच्या झुडपांचं कुंपण आहे. सतरा वर्षांपूर्वी तिथे भिंत घालायची ठरली होती, पण ती कुणाच्या जागेत यावी यावर एकमत होईना. माझे यजमान सर्वे ऑफिसात नकाशे काढत. ते म्हणाले, भिंत नको, झाड लावू, झाडाला दोन्ही बाजू सारख्याच. तिरुभुवनम् इथल्या एका विणकराच्या परसातून त्यांनी पिकलेली लाल फळं आणली, गर धुऊन बी त्याच दिवशी पेरलं. कुंतीचं बी वाळलं की उगवत नाही. रोपं वर्षभर सावलीत वाढवून मग हात हात अंतरावर लावली.

यजमान दोरी बांधून कुंपण कापत. छातीइतकी उंची, वर बोटभर फांदी गेलेली त्यांना खपत नसे. कापणीत कळ्याही जात, त्यामुळे फुलं थोडीच. मी कटकट केली की म्हणत, "फूल पाहिजे तर बाजारांत जा गे, हें कुंपण आहे." पानं कढीलिंबासारखी, बारमाही हिरवी. पाऊस पडून गेला की चार दिवसांत फुलतं, संत्र्याच्या मोहरासारखा वास येतो, दोन दिवसांत सगळं खाली.

स्वामीनाथ शकुनाला फार जपतात. मांजर आडवं गेलं तर घरी परत जाऊन चूळ भरतात. सकाळी सातला मी भरली घागर घेऊन तुळशीपाशी येत असे. भरलं पाणी आणि समोर सवाशीण, याहून चांगला शकुन कोणता? ते कुंपणापलीकडे थांबत. मला उशीर झाला तर खोकत. मी दिसले की मान हलवून चालू लागत. सोळा वर्षांत यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

गेल्या वर्षी ९ सप्टेंबरला यजमान वारले. तेव्हापासून मी सातला बाहेर येणं बंद केलं. मला कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पण तुळशीला पाणी उन्हाआधी लागतं, म्हणून मी कुंपण वाढवायचं ठरवलं. कापणी थांबवली. शेणखत, भुईमुगाची पेंड, तांदूळ धुतलेलं पाणी, जे जमलं ते घातलं. जूनपर्यंत ते माझ्या डोक्यावर गेलं. मग मी पुन्हा सातला बाहेर येऊ लागले. पलीकडे पावलं वाजली की घागर खाली ठेवून गप्प उभी राहत असे. ते नेहमीसारखे खोकत. मला वाटलं छाती भरली आहे, म्हणून त्यांची बायको सुब्बलक्ष्मी हिच्याबरोबर अडुळशाचा काढा पाठवला. महिनाभर पाठवला. खोकला गेला नाही.

न कापल्यामुळे कुंतीला यंदा कळ्याच कळ्या आल्या होत्या. इतका बहर यजमानांनी कधी येऊ दिला नव्हता आणि मला तो बघायचा होता. गुरुवारी ता. १४ रोजी सकाळी उठून पाहते तो तुळशीसमोर कुंपणाला भगदाड. छातीच्या उंचीवर, दोन हात रुंद, वरपासून कापलेलं. कळ्या चिखलात. कोयता स्वामीनाथ यांच्या पायरीवर, त्याला हिरवा चीक. मी दहा वाजता ठाण्यात येऊन नुकसानीची तक्रार दिली. रडलेही. ते पहिल्या जबाबात नाही.

शुक्रवारी स्वामीनाथ यांना इथे बोलावलं. ते म्हणाले, "तोडलं मीच." कारण विचारलं तर गप्प. सोमवारपर्यंत कारण दिलं नाही तर कागद कोर्टात जाईल असं त्यांना सांगितलं गेलं. दिवाळी आठ दिवसांवर, समयांची घाई, आणि तरीही हा माणूस तोंड उघडेना.

काल रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुब्बलक्ष्मी माझ्या मागच्या दारी आली. बोलणं तमिळमध्ये झालं, आठवतं तसं सांगते. ती म्हणाली, "अक्का, चार माणसांत तुमचं विधवापण काढावं लागेल, म्हणून ते कारण सांगत नाहीत. तुम्हीच विचारा."

मी भगदाडापाशी गेले. ते पलीकडे उभेच होते. मी विचारलं, "का तोडलं?"

ते म्हणाले, "वर्षभर खोकतोय, अक्का. तुम्ही काढा पाठवता."

मी म्हटलं, मी आता कसला शकुन, सकाळी माझं तोंड बघून कोणी घराबाहेर पडत नाही, तुमच्या धंद्याला बाधू नये म्हणून तर हे वाढवलं. त्यावर ते रागावले. म्हणाले, "कुंकू गेलं ते तुमचं. माझा शकुन मी का घालवू?"

मी एवढंच म्हटलं की कापायचंच होतं तर दोरी लावून कापायचं, वाकडं झालं आहे. ते म्हणाले, दोरी लावणारे गेले.

सबब माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, गुरुवारची निकालात काढावी. तुळशीसमोरचा दोन हात भाग छातीइतका राखायचा आणि बाकीचं कुंपण वाढू द्यायचं, असं आमचं ठरलं आहे. उरलेल्या भागावर काल रात्रीच्या सरीनंतर कळ्या फुगल्या आहेत, गुरुवारपर्यंत फुलतील. शामसुंदररावांनी येऊन पाहावं.

मला आठ वाजता बोलावलं होतं, मी साडेनऊला आले, याचं कारण रायटर विचारतात. तेही लिहावं. आज मी सातला घागर भरून तुळशीपाशी होते. स्वामीनाथ सात वाजून पाच मिनिटांनी आले, खोकले नाहीत, मान हलवून गेले. नंतर मी पायरीवर बसले होते ती बराच वेळ उठले नाही.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी ऐकलं, सांगितल्याप्रमाणे आहे. पुन्हा कधी बोलवायचं झाल्यास साडेसातच्या आधी बोलावू नये. सातला माझी वाट बघणारं माणूस आहे.

(सही) मीनाक्षीबाई