तापाचं गणित कापसाला

अगं, आमच्या जिंतूरच्या मोठ्या काकांचं काय सांगू! मला संशोधनाला जायचं होतं आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी समजावलं, "साथीचा ताप कसा पसरतो, त्याचं गणित मी कापसातल्या बोंडअळीला लावणार."

काका म्हणाले, "तापाचं गणित कापसाला? उद्या चपलेचं माप टोपीला लावशील!"

मी भडकलेच. "काका, माझं न ठरलेलं लग्न तुम्ही सकाळी टपरीवर एकाच माणसाला सांगितलं. संध्याकाळी अख्खं जिंतूर मला पेढे मागायलंय. ते जसं पसरलं, तेच हे गणित!"

आतून काकूनं विचारलं, "मग साथ थांबवायची कशी गं?"

"पहिल्या रोग्याला घरात कोंडायचं."

काकू कुलूप घेऊनच बाहेर आली. "तू बॅग भर पोरी. ह्यांचं मी बघते."