गजाननभाऊचा होकार कोनापाशी हाय?

बसा, बसा. तिकडं ऊन लागून राह्यलं त्यांनी मांडवात सरका. जागा होते.

रिठदची सगळी मंडळी आली. धनजहून, मानोऱ्याहून पाव्हने आले. पुण्याच्या कंपनीचे साहेबही आले. गजाननभाऊच्या घरच्या, आपल्या रुख्मावहिनी समोर बसल्या हायेत. मले वाटलं होतं, उभी राहीन, थोडंसं बोलीन आन बसून घेईन. आता उभी राह्यली, तर सुरुवात कुठून करू तेच समजून नाई राह्यलं.

ज्यायले मी माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. मी मंदा. गजाननभाऊच्या वावराले माह्यं वावर लागून हाय. आपल्या कास्तकारायच्या गटाचा भाऊ अध्यक्ष, मी सचिव. परवा सकाळी भाऊ अंगनात चहा घेऊन बसला आन बसल्या जागीच गेला. ना दवाखाना, ना कोनाले हाक. असं कोनी जाते का, भाऊ?

मंडळी, मले दुःख हाय. लय हाय. पन खरं सांगू का, दुःखापरीस मी गोंधळून जास्त गेली हाव. कारन तुमाले सगळ्यायले माहीत हाय. साहेबायची कंपनी आपल्या गावाजवळ चियाचं बी साफ करायचा कारखाना टाकतो म्हनते. पैसा त्यायचा, जागा आन माल आपला. आपल्या पोरायले गावातच काम भेटन. पन मंग माल दुसऱ्या कोनाले विकता येनार नाई. बियानं त्यायचं, फवारनी त्यायच्या सांगन्यानं. या आठवड्यात भाऊ त्यायले हो का नाई ते सांगनार होता. आन भाऊच गेला. आता ते मले सांगाचं हाय.

मी काय सांगू?

हा चिया आपल्या गावात आनला कोनं? भाऊनं. आपन सोयाबीन आन तुरीतच गुतून होतो. हा म्हने, "अरे, जग बदलून राह्यलं, आपन काहून तिथंच उभे?" पहिल्या वर्षी सगळ्यायचा माल याच्या खळ्यावर एका ढेरात टाकला. काय दिसे तो ढेर! आन आपन काय केलं? जे बापजाद्यायपासून करतो तेच केलं. रास पुजली. वहिनीनं नारळ फोडला, हळद-कुंकू वाह्यलं. मंग मी वाह्यलं. मंग गावातल्या सगळ्या बायायनं वाह्यलं. कोनी हात आखडला नाई.

मंग माल घेनाऱ्या कंपनीचा फोन आला. म्हने, तुमच्या मालात रंग सापडला. भाऊ म्हनला, "साहेब, रंग नाई तो. पूजा हाय." तिकडचा मानूस म्हने, मशीनले पूजा समजत नाई. सगळा माल वापस आला.

हसा, हसा. भाऊही हसला होता. वहिनीले एका शब्दानं बोलला नाई. पन दुसऱ्या वर्षी त्यानं चियाच्या ढेराले कोनाले हात लावू देला नाई. बाजूच्या तुरीच्या ढेराची पूजा करून घेतली. वहिनी चिडल्या. म्हने, "ज्याच्यावर घर चालते त्याले उपाशी ठेवता, आन शेजाऱ्याले जेवू घालता?"  माल पास झाला, भाव चांगला भेटला, सगळे खूश. आन हा संध्याकाळी माह्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, येऊन बसला. म्हने, "मंदे, आपन बरोबर केलं का गं?" मी म्हटलं, माल तर गेला ना भाऊ. तो म्हने, "गेला. पन बरोबर केलं का?"

 

परवापासून माह्या घरी लोक येऊन राह्यले. आपल्या गटातला सुखदेव आला. म्हने, मंदाताई, भाऊ मले सही करतो म्हनला होता. तो गेला की गटातलेच बबनकाका आले. म्हने, पोरी, भाऊचं मन नव्हतं, आपला माल आपल्या हाती राहू दे म्हनला होता. आता कोन खोटं बोलते? सुखदेव? काका? दोघायनंही भाऊले खांदा देला. मेलेल्या मानसाच्या नावानं खोटं बोलनारे हे लोक नाईत. मंग भाऊ दोघायले दोन गोष्टी सांगून गेला का? तसाही तो मानूस नव्हता.

काल मी पुन्हा दोघायकडं गेली. म्हटलं, नीट आठवा, भाऊच्या तोंडचे शब्द सांगा. सुखदेव म्हने, "ताई, भाऊनं मले इचारलं होतं, सुखदेव, सही करू का? मी म्हटलं, करा. तो बरं म्हनला." काकाही तेच. "त्यानं इचारलं, काका, काय करू? मी म्हटलं, नको बाबू. तो बरं म्हनला."

संध्याकाळी वहिनीजवळ बसली. वहिनी, तुमाले काय म्हनला भाऊ? वहिनी म्हने, "मले रोज इचारे. मी म्हनो, मले काय समजते त्यातलं, तुमी पाहा." आन मले? मलेही इचारलं होतं, त्याच धुऱ्यावर. मी म्हटलं, भाऊ, तुमी म्हनता तसं.

मंडळी, समजलं का तुमाले? आपन तीन दिवसापासून भाऊचा होकार शोधून राह्यलो. कोन म्हने माह्यापाशी, कोन म्हने त्याच्यापाशी. तो भाऊपाशीच नव्हता. त्यालेही समजून नव्हतं राह्यलं. तो दारोदार इचारत फिरला, आन आपल्याले वाटलं तो सांगून राह्यला.

किती एकटा असन तो मानूस. रडू मले आता येऊन राह्यलं बाप्पा, परवा आलं नाई इतकं.

साहेब, तुमी लांबून आले, तुमचे उपकार. तुमाले उत्तर भेटन, पन आज नाई. तेरवी होऊ द्या. मंग आमी सगळे बसू, बायाही बसतीन. ज्यानं त्यानं सोताच्या तोंडानं सोताचं सांगाचं. भाऊ असं म्हनला होता, असं कोनी म्हनायचं नाई. मीही नाई. चुकलं तर आपलं चुकलं. त्याच्या फोटोले पुढं करायचं नाई.

आता उभे राहा. म्हाताऱ्यायनं बसूनच राहा, चालते. दोन मिनिटं शांत राहू. डोळे मिटा, भाऊचं तोंड आठवा, हात जोडा.

फक्त एक करा. त्याले काही इचारू नका.