बदललेला रकाना

कॅन्ससच्या तुरुंगात भेटीसाठी रांग लागली होती. वर्नाच्या पुढे दोन बहिणी होत्या.

"लुएला, पोराला पहिल्याच दरोड्याला सहा वर्षं?"

"शिक्षेचा तक्ता असतो गं. एकीकडे गुन्हा, दुसरीकडे आधीच्या नोंदी. दोन्ही जुळतात तिथला आकडा देतात. नोंद नसती तर पाचच होती."

"आर्लोची कसली नोंद?"

"गाडीचोरीची. तिच्यामुळे रकाना बदलला."

"तुझीच गाडी ना? दोन दिवसांत परत आणली होती की त्याने. मग तक्रार कोणी केली?"

"मीच. म्हटलं, पोलीस बघून तरी सुधारेल."

"त्याला ठाऊक आहे?"

"वकिलाने तक्ता दाखवला तेव्हा कळलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, तू जेवलीस का?"

रांग पुढे सरकली. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत. वर्नानेही त्यांना चला म्हटलं नाही.