शेऱ्याचा रकाना

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, कार्यशाळेतले माझे सहकारी, पहिल्या रांगेत नवे बूट हलवत बसलेली बालमंडळी, त्यांचे आईवडील, आणि ज्यांना आम्ही आज बळेच मधल्या खुर्चीत बसवलंय ते आपले निवृत्त होणारे मास्तर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

नमनाला घडाभर तेल घालू नकोस, असं निवेदकांनी मला बजावलंय. तेव्हा फक्त पाहुण्यांसाठी दोन शब्द. ज्या मुलांचे दोन्ही पाय सारखे नसतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे बूट बनतात. एकतीस वर्षं त्यांचे साचे मास्तरांनी आखले, त्यातली शेवटची सतरा वर्षं एकाच संगणकावर. मीही इथलेच बूट घालते. नऊ वर्षांची असताना आईचं बोट धरून आले, आणि आता इथल्याच ऑफिसात काम करते. पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझं नाव भिंगरी ठेवलं. अध्यक्षबाई, ते कृपया इतिवृत्तात येऊ देऊ नका.

मास्तरांची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. आल्या आल्या ते मला विचारतात, “बरं आहे ना?” मी म्हणते, “बरं आहे.” आणि निघताना दारात तेच पुन्हा विचारतात. लहानपणी दर भेटीला, आणि नोकरीला लागल्यापासून रोज. मला आपलं वाटायचं, वय झालं, विसरत असतील.

असो. तो जुना संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात मास्तर चहा पिऊन कप विसळून परत यायचे. ते निवृत्त होण्याआधी सगळं नव्या संगणकावर हलवायचं ठरलं. त्यात काय मोठंसं, म्हणत मी पुढे सरसावले. पडद्यावर बुटाचं छोटं चित्र होतं, त्यावर क्लिक केलं की मास्तरांचा प्रोग्राम उघडायचा. ते चित्र मी पेन ड्राइव्हवर घेतलं आणि नव्या संगणकावर ठेवलं. अर्ध्या मिनिटात काम फत्ते! त्याच उत्साहात जुना संगणक भंगारवाल्या काकांच्या हातगाडीवर चढवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्या चित्रावर क्लिक केलं. काहीच होईना. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दादा आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुम्ही घरावरची पाटी तेवढी काढून आणलीत. घर राहिलं मागेच.”

“मग नवं घर बांधा की!”

“कशावर बांधू? तो प्रोग्राम करणारी कंपनी कधीच बंद पडली. सीडी आहे का तुमच्याकडे?”

सीडीचा कुणालाच पत्ता नव्हता. मास्तर ओरडले असते तरी चाललं असतं हो. ते एवढंच म्हणाले, “भिंगरे, मापं पुन्हा घेता येतील. शेरे मला आता आठवायचे नाहीत गं.” प्रत्येक मुलाच्या मापांखाली शेरा म्हणून एक रकाना होता, आणि तो फक्त मास्तर भरायचे.

आम्ही दोघं भंगारवाल्या काकांकडे गेलो. संगणक शाबूत होता, त्यावर वजनकाटा ठेवलेला. काका म्हणाले, “उंचीला बरा बसला, म्हणून फोडला नाही.” त्या काकांना मी आज मुद्दाम बोलावलंय, ते मागे बसलेत.

दादांनी जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडली आणि प्रोग्रामची कुठे कुठे दडलेली एकेक फाइल शोधून आणली. दोन दिवस गेले. शेवटी प्रोग्रामने परवान्याचा नंबर मागितला आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. तर मास्तरांनी तो नंबर सतरा वर्षांपूर्वीच लिहून जुन्या संगणकाच्या पाठीवर चिकटवून ठेवला होता!

मग सगळं नीट आलंय का, हे पाहायला मी एकेक शेरा वाचत बसले. ‘लाल नाडी मागतो. द्यावी.’ ‘नाच शिकते. टाच हलकी ठेवणे.’ ‘आईसमोर दुखत नाही म्हणतो. आईला बाहेर बसवावं.’ मास्तर चहाला गेले, तेव्हा मी हळूच माझं नाव शोधलं.

‘वय नऊ. उजवा पाय. काहीही विचारलं तरी बरं आहे म्हणते. खरं सांगत नाही. जाताना दारात पुन्हा विचारावं.’

सतरा वर्षं, मास्तर! आणि मी समजत होते, तुम्ही विसरता.

आता साच्यांचं काम पाहणाऱ्या नव्या ताईंना मी सांगितलंय, मापं नंतर बघा, आधी शेरा वाचा. जुना संगणकही आता भंगारात जायचा नाही, माझ्या टेबलाखाली राहील. पाय ठेवायला उंचीला बरा बसतो.

मास्तर, आज सकाळी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी बरं आहे म्हणाले. थोड्या वेळाने तुम्ही त्या दारातून बाहेर पडाल. विचारल्याशिवाय जाऊ नका. आज मी खरं सांगणार आहे.

दुरुस्तीवाल्या दादांचे, भंगारवाल्या काकांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. दारात जरा वाट मोकळी ठेवा, एवढीच विनंती.